न्यायमूर्तींची नेमणूक: ऐकीव समज आणि वस्तुस्थिती

ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयातील एका नेमणुकीवरून राज्यात वाद झाला आणि आवाज उठवणाऱ्यांत कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार पुढे होते. वकील आरती साठे भाजपच्या महाराष्ट्र प्रवक्त्या होत्या. त्यांना न्यायमूर्ती करण्याच्या प्रस्तावाला सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या निवडमंडळाने, 28 जुलैला मान्यता दिली होती. भाजपचं उत्तर असं की त्यांनी जानेवारी 2024 मध्येच प्रवक्तेपद आणि सदस्यत्व सोडलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये नियुक्ती झाली आणि चर्चा विरली. मात्र त्या आठवड्यांत नगरच्या चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीच्या चर्चेपर्यंत जे बोललं गेलं, त्यात तीन-चार समज ठामपणे वावरत होते. ते तपासायला हवेत, कारण अहिल्यानगर जिल्ह्याचं अपील औरंगाबाद खंडपीठात जातं आणि तिथे बसणारे न्यायमूर्ती याच प्रक्रियेतून येतात.

पहिला समज असा की पक्षाशी संबंध असलेला माणूस न्यायमूर्ती होऊच शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 217 मध्ये तसं काही नाही. नागरिकत्व आणि दहा वर्षांची वकिली किंवा तेवढाच न्यायिक पदाचा अनुभव, एवढीच तिथली मुख्य अट आहे. व्ही. आर. कृष्ण अय्यर 1957 च्या केरळ मंत्रिमंडळात मंत्री होते. पुढे ते केरळ उच्च न्यायालयात आणि 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. कैद्यांच्या हक्कांवरचे त्यांचे निकाल आजही आधाराला घेतले जातात. उलट उदाहरणही आहे. बहारुल इस्लाम राज्यसभेतून न्यायालयात आले आणि 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसकडून राज्यसभेत गेले. म्हणजे पूर्वीच्या पक्षावरून न्यायमूर्ती कसा निघेल हे सांगता येत नाही. कायदाही पात्रता आणि योग्यता यांत फरक करतो. पात्रतेचा प्रश्न न्यायालयात नेता येतो. योग्यता कॉलेजियमने ठरवायची. फेब्रुवारी 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयातील व्हिक्टोरिया गौरी यांच्या नेमणुकीला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं, ते याच कारणाने. पण योग्यता न्यायालयात तपासता येत नसेल, तर ती कशाच्या आधारे ठरवली हे लोकांना कळायला नको का? साठे यांच्या वेळी कॉलेजियमने प्रसिद्ध केली ती फक्त मंजूर नावं. रोहित पवारांच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या न लिहिलेल्या कारणांत होतं.

दुसरा समज याच्या अगदी उलट आहे: न्यायाधीशच न्यायाधीश नेमतात, सरकारला काही विचारतच नाहीत. 1993 आणि 1998 च्या निर्णयांनी कॉलेजियमचा शब्द निर्णायक ठरवला, हे खरं. पण फाईलचा प्रवास बघा. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांशी विचार करून नाव काढतात. ते मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातं. मत द्यायला सहा आठवडे असतात. मग केंद्रीय कायदा मंत्रालय, गुप्तचर विभागाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम, पुन्हा मंत्रालय, पंतप्रधान आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. यातल्या कुठल्याही टेबलावर फाईल नुसती पडून राहिली, तरी नाव अडतं. नकार द्यायचा तर कारण लिहावं लागतं. गप्प बसायला काहीच लागत नाही.

मुंबईचंच उदाहरण घ्या. सोमशेखर सुंदरेसन यांची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने फेब्रुवारी 2022 मध्ये केली. नोव्हेंबरमध्ये सरकारने ती फेरविचारासाठी परत पाठवली. आक्षेप असा की न्यायप्रविष्ट विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांवर मतं मांडली होती. जानेवारी 2023 मध्ये कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं, आणि या वेळी सरकारचा आक्षेप व त्यावरचं उत्तर दोन्ही जाहीर केलं: मत मांडल्याने माणूस पक्षपाती ठरत नाही आणि त्यांचा कोणत्याही पक्षाशी संबंध दिसत नाही. दुसऱ्यांदा आलेलं नाव सरकारवर बंधनकारक असतं. तरीही नियुक्ती झाली नोव्हेंबर 2023 मध्ये, म्हणजे पहिल्या शिफारशीनंतर एकवीस महिन्यांनी. पक्षाशी संबंध नसलेल्या वकिलाला एकवीस महिने आणि माजी प्रवक्त्यांना काही आठवडे. दोघांच्या गुणवत्तेबद्दल इथे काही म्हणायचं नाही. दोघांनाही कॉलेजियमनेच निवडलं होतं. फरक पडला तो सरकार कुठे थांबलं आणि कुठे थांबलं नाही, यात. कॉलेजियमने एकत्र पाठवलेल्या यादीतून काही नावं मंजूर करायची आणि काही ठेवून द्यायची, हीही नेहमीची रीत आहे. मागे राहिलेल्याची ज्येष्ठता त्यात जाते, म्हणून कंटाळून संमती मागे घेणारे वकीलही मुंबईने पाहिले आहेत.

मग अमेरिकेसारखं उघड राजकारण आपल्याकडे नाही, या समजात तरी कितपत तथ्य आहे? तिथे अपील न्यायालयाच्या न्यायाधीशाला सिनेटची मंजुरी लागते आणि पक्ष उघड सौदा करतात. नोव्हेंबर 2024 मध्ये डेमोक्रॅटिक नेत्यांनी अपील न्यायालयांसाठीच्या चार नावांचं मतदान सोडून दिलं. बदल्यात रिपब्लिकनांनी जिल्हा पातळीवरच्या नावांचं मतदान लांबवायचं नाही असं ठरलं. तिथला न्यायाधीश तहहयात असतो, आपला उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती 62 व्या वर्षी निवृत्त होतो, म्हणून तिथली चुरस जास्त. ती पद्धत आपण घ्यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण तिथे कोणी कुणाला अडवलं हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं. आपल्याकडे ओढाताण तीच, फक्त दार बंद करून.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. लोकांनी निवडलेल्या सरकारला नाव तपासण्याचा हक्क नको का? 2014 मध्ये राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती लोकसभेत एकाही विरोधी मताशिवाय मंजूर झाली. ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चार विरुद्ध एक मताने रद्द केली. जवळपास सगळे पक्ष एका बाजूला आले तेही केवळ स्वार्थाने, असं म्हणणं अन्यायाचं होईल. हक्क असावाच. तो लेखी आणि मुदतीत बजावावा, एवढंच मागणं आहे. एप्रिल 2021 मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने ती मुदत आखून दिली आहे: गुप्तचर अहवालाला चार ते सहा आठवडे, सरकारला आठ ते बारा, आणि नाव पुन्हा आलं तर तीन ते चार आठवड्यांत नियुक्ती. दुसरा आक्षेप असा की कारणं छापली तर वकिलांची बदनामी होईल. सुंदरेसन यांच्या बाबतीत झालं ते वेगळंच: आक्षेप किती हलका होता, हे छापल्यामुळेच कळलं. दोष एकट्या सरकारचाही नाही. जागा रिकामी होण्याच्या सहा महिने आधी नाव पाठवावं, हा नियम उच्च न्यायालयंही सर्रास मोडतात.

शेवटचा समज नगरकरांच्या जवळचा: हा मुंबईचा विषय, आपलं खंडपीठ वेगळं. 1981 पासून चालणाऱ्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःचे असे न्यायमूर्ती नाहीत. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती ते वाटून देतात. मंजूर पदं 94, आणि ती मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर इथे विभागायची. प्रत्यक्षात भरलेली पदं वर्षानुवर्षं त्याहून बरीच कमी असतात. जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांचा तंटा 2016 मध्ये निकाली काढला तो उच्च न्यायालयानेच. जमिनीची वाटणी, भूसंपादनाचा मोबदला, जामीन ही कामं घेऊन अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंतचे पक्षकार खंडपीठात तारखेला जातात. पीठं कमी असली की बोर्डावरचं प्रकरण पुकारलंच जात नाही आणि वकिलाची फी व एस.टी.चं भाडं तेवढं लागतं.

विधिमंडळात न्यायमूर्तींच्या कामकाजातील वर्तनावर चर्चा करायला अनुच्छेद 211 मनाई करतो. पण मुख्यमंत्री कार्यालयात किती नावांवरचं मत बाकी आहे आणि सहा आठवडे कधी उलटले, हे विचारायला तो आड येत नाही. जिल्ह्यातल्या कोणत्याही पक्षाच्या आमदाराला हा प्रश्न येत्या अधिवेशनात लावता येईल.