रक्तात उमलणारं जीवघेणं फूल

एकाच झोपडीत, एकाच चटईवर निजणारी दोन भावंडं. दोघांनाही डास चावतात, दोघांनाही ताप भरतो. मोठी बहीण दोन दिवस कण्हते, कुडकुडते, गोळ्या घेते आणि चौथ्या दिवशी अंगणात खेळायला पळते. धाकट्याचं तसं होत नाही. दुपारी अंग तापलेलं, रात्री झटके, आणि पहाटे आई हाका मारतेय तरी पोर डोळे उघडत नाही. गांबियापासून केनियापर्यंत आफ्रिकेतल्या कुठल्याही इस्पितळातल्या डॉक्टरांना ही गोष्ट नवी नाही. डास तोच, जंतू त्याच जातीचा, घर तेच, जेवणही तेच. मग एकाला सोडून देणारा मलेरिया दुसऱ्याच्या थेट मेंदूवर का जातो?

या प्रश्नाचं पूर्ण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण त्यातला एक मोठा धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या एका आकारात. मध्ये एक काळपट ठिपका असलेली रक्तपेशी आणि तिला चहूबाजूंनी बिलगलेल्या निरोगी लाल पेशी. थेट एखादं फूल! दारात चार बोटांत काढलेल्या छोट्या रांगोळीसारखं.

शास्त्रज्ञांनी या आकाराला नाव दिलं ‘रोझेट’. बक्षीस समारंभात पाहुण्यांच्या छातीवर रिबिनीचं चुणीदार फूल लावतात ना, तेच हे रोझेट. विज्ञानात हा शब्द फार ठिकाणी भेटतो. जमिनीलगत गोलाकार पसरणाऱ्या पानांना वनस्पतिशास्त्रज्ञ रोझेट म्हणतात. पुलावर किंवा विमानाच्या पंखावर किती ताण येतोय हे मोजण्यासाठी इंजिनीअर तीन बारीक पट्ट्या वेगवेगळ्या कोनांत चिकटवतात, त्या जोडणीलाही रोझेटच म्हणतात. ही सगळी रोझेट निरुपद्रवी. मलेरियाचं तसं नाही.

माकडाच्या रक्तात पहिली ओळख

हा शोध सुरू झाला आपल्या शेजारी, श्रीलंकेत. तिथल्या जंगलात टोक जातीची माकडं असतात, डोक्यावर टोपी घातल्यासारखा केसांचा भोवरा असलेली. या माकडांना होणाऱ्या मलेरियावर कामिनी मेंडिस आणि शिरोमा हंडुनेट्टी यांच्यासह काही संशोधक काम करत होते. रोगट पेशीभोवती चांगल्या पेशी गोळा होताना त्यांना दिसल्या. १९८८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या सर्वांत घातक मलेरियातही, म्हणजे फाल्सिपेरममध्येही, अशीच फुलं तयार होतात हे जाहीर झालं.

तोवर डॉक्टर मंडळींना एक गोष्ट ठाऊक होती. फाल्सिपेरमचा जंतू ज्या लाल पेशीत शिरतो ती पेशी चिकट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला धरून बसते. त्यामागे जंतूचा स्वार्थ आहे. आपली प्लीहा म्हणजे रक्ताची चाळणी. वाहत वाहत प्लीहेपर्यंत गेलं की बिघडलेली पेशी पकडली जाणारच. त्यापेक्षा वाटेतच कुठेतरी दडून बसलेलं बरं! तिथे दोन दिवसांत जंतूची वीण पूर्ण होते, पेशी फुटते, डझनावारी नवे जंतू बाहेर पडतात आणि रोग्याला पुन्हा थंडी वाजून येते.

फुलानं या गोष्टीत नवी भर घातली. रोगट पेशी भिंतीला चिकटतेच, शिवाय चांगल्या पेशींनाही धरून ठेवते. लाल पेशीची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे सात-आठ हजारांश भागाएवढी असते. मेंदूतल्या बारीक केशवाहिन्या त्याहूनही अरुंद. एरवी पेशी अंग दुमडून, चोरपावलांनी त्यातून निघून जाते. पण एका पेशीला चार-पाच पेशी बिलगलेल्या असतील तर? चाळीच्या अरुंद जिन्यात हातात हात घालून चाललेल्या वरातीसारखं होतं, मागची सगळी गर्दी अडकते.

ही नुसती कल्पना नव्हे. १९९१ मध्ये संशोधकांनी उंदराच्या आतड्याजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांमधून असं रक्त सोडून पाहिलं. फुलं होणाऱ्या रक्तानं प्रवाह जास्त तुंबला. त्यानंतर आणखी एका गटानं निव्वळ इंजिनीअरच्या पद्धतीनं काम केलं. काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांनी दोन बाजूंनी पेशी धरायच्या आणि हळूहळू ओढून फुलाची एकेक पाकळी सुटायला किती जोर लागतो ते मोजायचं. १९९२ मध्ये छापून आलेला त्यांचा हिशेब थक्क करणारा होता. रोगट पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीपासून सोडवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळपास पाच पट जोर तिला दुसऱ्या लाल पेशीपासून सोडवायला लागत होता!

गांबियाची मुलं

प्रयोगशाळेत काहीही दिसो, रोग्याच्या खाटेपाशी त्याला अर्थ आहे का, हा खरा सवाल. त्याचं पहिलं उत्तर १९९० मध्ये गांबियाहून आलं. मेंदूचा मलेरिया झालेल्या आणि साधा मलेरिया झालेल्या मुलांच्या रक्ताची तुलना झाली. मेंदूचा मलेरिया झालेल्या सगळ्या मुलांमधल्या जंतूंनी फुलं केली. साध्या तापाच्या मुलांमध्ये ती एकतर नव्हती किंवा फारच थोडी होती. आणखी एक बाब म्हणजे, साध्यावर निभावलेल्या मुलांच्या रक्तात बऱ्याचदा असे घटक सापडले, जे ही फुलं विस्कटून टाकत होते. बेशुद्ध मुलांकडे ती शिदोरी नव्हती.

गोष्ट इथेच संपली असती तर सोपं झालं असतं. पण विज्ञान इतकं गुणी बाळ नाही. थायलंडमध्ये आणि पापुआ न्यू गिनीत असाच अभ्यास झाला आणि तिथे फुलांचा आणि रोगाच्या तीव्रतेचा मेळ काही बसेना. काही जणांनी मग फुलांची ही सगळी चर्चाच मोडीत काढायला सुरुवात केली.

पापुआच्या कोड्याची उकल पुढे झाली, आणि मोठी सुंदर झाली. रोगट पेशी चांगल्या पेशीला धरते ती तिच्या पृष्ठभागावरच्या काही रेणूंना पकडून. त्यातला एक रेणू पापुआतल्या पुष्कळ लोकांच्या पेशींवर जन्मतःच कमी असतो. ज्यांच्याकडे तो कमी, त्यांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं, असं २००४ मध्ये दाखवण्यात आलं. म्हणजे तिथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या मलेरियाशी झुंजताना फुलाची पाकळीच गळून जाईल अशी सोय केली होती. फूल नाही म्हणून मेळ नाही!

तुमचा रक्तगट कोणता?

आता घराघरातल्या माहितीचा भाग. रक्तगट आज शाळेच्या ओळखपत्रावरही छापलेला असतो. ए, बी, एबी आणि ओ हे गट म्हणजे लाल पेशींवर असलेल्या साखरेच्या रेणूंचा फरक. ओ गटात फक्त मूळ साखळी असते, ए आणि बी गटांत तिच्या टोकाला आणखी एकेक साखर जोडलेली असते. (ही मूळ साखळीसुद्धा नसलेला दुर्मिळ गट १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. जगभर तो ‘बॉम्बे’ गट म्हणूनच ओळखला जातो.)

मलेरियाच्या जंतूला ही टोकाची साखर भारी आवडते. ए, बी किंवा एबी गटाच्या रक्तात त्याची फुलं मोठी आणि घट्ट होतात. ओ गटात ती लहान आणि सैल राहतात, चटकन विस्कटतात. मग ओ गटाच्या मुलांना मेंदूचा मलेरिया कमी व्हायला हवा, नाही का? एडिंबरोच्या अलेक्झांड्रा रो आणि मालीतल्या सहकाऱ्यांनी ५६७ मुलांचा अभ्यास करून हे ताडून पाहिलं. २००७ मध्ये आलेले आकडे बोलके आहेत. साध्या मलेरियाच्या आणि निरोगी मुलांमध्ये ओ गटाची मुलं शंभरात ४४-४५ होती, तर गंभीर आजारी मुलांमध्ये ती शंभरात फक्त २१ निघाली.

२०१५ मध्ये स्टॉकहोमच्या करोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी आणखी एक कडी जोडली. जंतू लाल पेशीच्या पृष्ठभागावर रिफिन नावाची प्रथिनं पाठवतो आणि ती ए गटाच्या साखरेला घट्ट पकडतात, हे त्यांनी दाखवलं.

आपल्याकडचं काय? भारतात ओ आणि बी हे दोन गट सर्वांत जास्त आढळतात. ओडिशात कटकच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गंभीर मलेरियाच्या रुग्णांत बी गटाचं प्रमाण जास्त दिसलं. ओडिशा, छत्तीसगड आणि आपल्या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरम हा नेहमीचा पाहुणा, त्यामुळे ही माहिती आपल्याला परकी नाही.

मात्र ओ गटवाल्यांनी मच्छरदाणी गुंडाळून ठेवायचं कारण नाही. हा गट मलेरिया होणं थांबवत नाही, झाल्यावर तो विकोपाला जाण्याची शक्यता कमी करतो, एवढंच. मालीतल्या त्या गंभीर आजारी मुलांमध्येही दर पाचातलं एक ओ गटाचंच होतं. शिवाय निसर्ग एका हातानं देतो आणि दुसऱ्या हातानं काढून घेतो. कॉलरा झाला तर ओ गटाच्या माणसाचे हाल इतरांपेक्षा जास्त होतात!

बहुरूप्याला पकडायचं कसं?

एवढं कळल्यावर औषध का निघत नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. अडचण अशी, की हा जंतू अस्सल बहुरूपी आहे. पेशीला चिकटण्यासाठी तो जे मुख्य प्रथिन वापरतो, त्याची सुमारे साठ सोंगं त्याच्या पोतडीत असतात. शरीर एक सोंग ओळखू लागलं की तो दुसरं चढवतो. एका सोंगाविरुद्ध लस केली तर तो कधी हुलकावणी देईल, याचा नेम नाही.

रक्त पातळ करणारं हेपारिन ही फुलं विस्कटतं, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. पण मेंदूचा मलेरिया झालेल्या रोग्याला ते द्यायचं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. म्हणून हेपारिनचा रक्त पातळ करण्याचा गुण जवळजवळ काढून टाकून सेवुपॅरिन नावाचं औषध तयार करण्यात आलं. थायलंडमध्ये साध्या मलेरियाच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निकाल २०१७ मध्ये आले. चिकटून बसलेल्या पेशी सुटून वाहत्या रक्तात आल्या खऱ्या, पण थोड्याच वेळापुरत्या.

इतका खटाटोप कशाला? जंतू मारणारी चांगली औषधं आहेतच की! आहेत. चिनी वनस्पतीपासून मिळालेल्या आर्टेमिसिनिनच्या शोधाबद्दल तू युयू या विदुषींना २०१५ चं नोबेल मिळालं. त्याच कुळातल्या आर्टेसुनेटच्या इंजेक्शनाची क्विनाइनशी तुलना आफ्रिकेतल्या नऊ देशांत ५,४२५ मुलांवर झाली होती. २०१० मध्ये जाहीर झालेल्या निकालात क्विनाइन घेणाऱ्यांपैकी १०.९ टक्के मुलं दगावली, आर्टेसुनेट घेणाऱ्यांपैकी ८.५ टक्के. सुधारणा मोठीच. पण सर्वांत उत्तम औषध शिरेत जात असतानाही बारा मुलांमागे एक जातंच. कारण औषध जंतूला मारतं, पण तोवर मेंदूतल्या वाहिन्या तुंबलेल्या असतात. त्या तुंबलेल्या वाहिन्या तासाभरात मोकळ्या करणारं काही हाती लागलं, तर त्या बाराव्या मुलाला संधी मिळेल. फुलाच्या मागे लागलेल्यांची सारी धडपड त्या मुलासाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार २०२३ साली मलेरियानं जगात सुमारे ५ लाख ९७ हजार बळी घेतले. त्यातले ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथल्या दर चार मृतांमागे तीन पाच वर्षांखालचे.

दरम्यान दुसऱ्या बाजूनं एक फळी उभी राहिली आहे, आणि तिचं एक टोक पुण्यात आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठानं विकसित केलेली आर-२१ ही मलेरियाची लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये ती बाळांना टोचायला सुरुवात झाली. ही लस फुलाच्या वाटेलाच जात नाही. डासानं सोडलेला जंतू रक्तपेशीत शिरण्याआधी, यकृताकडे निघालेला असतानाच ती त्याला गाठते. सगळेच जंतू तिच्या तावडीत सापडतात असं मात्र नाही.

जे निसटतात त्यांची मोजदाद चालूच आहे. ती करायची रीत गेल्या तीन दशकांत फारशी बदललेली नाही. आजारी मुलाच्या रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यातला जंतू प्रयोगशाळेत एखादा दिवस वाढू द्यायचा, मग काचपट्टीवर थेंब ठेवून दोनशे रोगट पेशी एकेक करून तपासायच्या. जिला दोन किंवा अधिक चांगल्या पेशी बिलगलेल्या दिसतील, तिच्या नावानं वहीत एक रेघ ओढायची.