दंडावरची चकती आणि डोक्यावरच्या तारा

पावण्यात आता भाताचे खाचर शोधून सापडायचे नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आगरी-कोळी कुटुंबांच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या. नांगर सुटला, चालणे कमी झाले, ताटातला भात मात्र होता तेवढाच राहिला. साखरेचा विकार अशा घरांत शिरला तर नवल नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज आहे. तेव्हा हे दुखणे शहरवाल्यांचे, असे खेड्यातल्या मंडळींनीही म्हणू नये.

तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या दंडाला मुलाने साखर मोजणारी चकती लावून दिली. रात्री मोबाईल ओरडे, आकडा ५५-६० दाखवी. घरची माणसे उठून त्यांना साखर चारीत आणि सकाळी साखर २५० वर! वसाहतीतल्या उच्च दाबाच्या तारांमुळे यंत्र बिघडते असे कोणीतरी सांगितले आणि त्यांनी चकती उपटून टाकली. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने असे करणे धोक्याचे आहे.

तारांचा यात कितपत हात असतो ते पाहू. चकतीखाली केसासारखा बारीक धागा कातडीत जेमतेम अर्धा सेंटिमीटर जातो. त्यावरील विकर तिथल्या द्रवातील साखरेशी क्रिया करते, त्यातून अत्यंत सूक्ष्म वीजप्रवाह निघतो आणि त्यावरून आकडा ठरतो. तो आकडा ब्लूटूथने मोबाईलवर येतो. ब्लूटूथच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात, तारांतली वीज फक्त ५० वेळा. तारांखाली रेडिओची मध्यम लहर खरखरते हे आपण सर्वांनी ऐकले आहे, पण ती खरखर इतक्या वरच्या लहरींपर्यंत फारशी पोचत नाही. पंपाचा स्टार्टर किंवा कुंपणाचे झटका मशीन यांचेही तसेच.

मोबाईलवरचे आकडे मधेच थांबतात, त्याचे कारण बहुधा साधे असते. पाणी या लहरी शोषून घेते आणि आपले शरीर बरेचसे पाण्याचेच. आपण चिखलात लावणी करतो आणि मोबाईल बांधावरच्या पिशवीत, मग आकडा येणार कसा? काही बनावटींत चकती ८ तासांची नोंद स्वतःजवळ ठेवते, मोबाईल जवळ आला की ती भरून निघते.

खरा जपायचा प्रसंग म्हणजे एमआरआय, आणि दवाखान्यात विजेच्या यंत्राने सांधे शेकतात तो. पाकिटावर चालते असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर चकती काढून ठेवण्याविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. विजेच्या मोठ्या भट्टीजवळ किंवा वेल्डिंगवर काम करणाऱ्यानेही विचारून घ्यावे.

मग त्या गृहस्थांचे काय झाले होते? ते चकतीच्या कुशीवर झोपत! दंड दाबला गेला की तिथला द्रव हटतो आणि आकडा खोटाच खाली दिसतो. कूस बदलली की थोड्या वेळात तो आपोआप वर येतो. चकती परत बसवली, ते दुसऱ्या कुशीवर झोपू लागले आणि रात्रीची ओरड थांबली.

म्हणून आकडा आणि अंगाची लक्षणे जुळत नसतील तर बोट टोचून पाहावे. त्याआधी हात धुवावेत. आंब्याचा रस किंवा गूळ बोटाला असेल तर पट्टीही फसते. मात्र घाम, थरथर, घाबरे होणे ही लक्षणे असतील आणि पट्टी हाताशी नसेल तर वाट पाहू नये, तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा.

हल्ली बाजारात सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळे विकतात. तशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले होते. तेवढ्या पैशात बोट टोचायच्या पट्ट्या आणाव्यात.