गाळ राखावा की ओतावा?

किनवटच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. ही फुलं पाण्यात भिजवली की त्यांचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेलं पाणी, फसफसू लागतो. यीस्ट फुलांवर असतंच; तरी जुन्या सडव्याचा गाळ विरजणासारखा घातला तर काम लवकर सुरू होतं. (घरची भट्टी कायद्याने गुन्हाच. 2021 मध्ये राज्याने बंधनं सैल केली ती मोहफुलं गोळा करण्यावरची.)

पण गाळच बिघडला असेल तर?

आधी नाक लावायचं. आंबूस-गोड वास असेल तर हरकत नाही. व्हिनेगरसारखा झणका आला तर ॲसेटिक जिवाणू शिरले. हवा मिळाली की ते तयार अल्कोहोलच खातात. नेलपॉलिशची आठवण झाली तर एथिल ॲसिटेट. वर पांढरी, सुरकुतलेली साय धरली असेल तर ते बहुधा हवेवर वाढणारं रानटी यीस्ट. हिरवी-काळी बुरशी दिसली की चर्चाच नको.

‘थोडंच तर बिघडलंय’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. यीस्टला दुप्पट व्हायला साधारण दोन तास लागतात, कित्येक जिवाणूंना अर्धा तासही पुरतो.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याची बिअर अशीच बिघडत होती. एमिल हान्सेन यांनी कारण शोधलं: कारखान्याच्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळलं होतं. 1883 मध्ये त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. आम्लाने धुऊन यीस्ट वाचवायची जुनी युक्ती जिवाणूंवर चालते, रानटी यीस्टवर नाही. म्हणून घरी वीस लिटर बिअर लावणाऱ्याने संशयित स्टार्टर, म्हणजे यीस्टचं विरजण, सरळ मोरीत ओतावा. यीस्टचं नवं पाकीट त्या वीस लिटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

सडवा मात्र पुढे भट्टीवर चढतो, म्हणून मोह होतो की उकळीत सगळं निभेल. जिवाणू मरतात, खरं. पण एथिल ॲसिटेट 77 अंशांना उकळतं, अल्कोहोल 78 ला. त्यामुळे तो वास पहिल्याच धारेत उतरतो. ॲसेटिक आम्ल 118 अंशांचं, ते बरंचसं भांड्यात मागे राहतं. मात्र ते ज्या अल्कोहोलपासून झालं, ते धारेतून कमी झालेलं असतं. फुलं वेचण्या-वाळवण्याची मेहनत मोठी, गाळ फुकटचा. शंका आली की गाळ ओतावा आणि फुलांवरच्या यीस्टला एखादा दिवस जास्त द्यावा.