नोंदणी अर्ज आणि देवनागरी नाव

अनोळखी व्यक्तीने पाठवलेली माहिती तपासून संकेतस्थळ तिच्या नावे खाते उघडते, ते नोंदणी अर्जाच्या द्वारे. हे काम दर वेळी मुळापासून लिहावे लागू नये म्हणून प्रोग्रामर वेब फ्रेमवर्क, म्हणजे बहुतेक संकेतस्थळांना लागणारी समाईक कामे आधीच लिहून ठेवलेला सांगाडा, वापरतात. पायथन भाषेतील ‘जँगो’ हा असा सांगाडा एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी अमेरिकेतील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्रात काम करताना २००३ मध्ये रचायला घेतला आणि २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.

जँगोचा तयार अर्ज, ‘युजर-क्रिएशन-फॉर्म’, वापरकर्तानाम आणि पासवर्ड विचारतो व पासवर्ड दोनदा लिहवून घेतो. ब्राउझरमधली तपासणी कोणालाही चुकवता येत असल्यामुळे खरी तपासणी सर्व्हरवरच होते: पासवर्ड किमान ८ अक्षरांचा आहे का, नुसत्या अंकांचा तर नाही ना, वापरकर्त्याच्या नावाशी मिळताजुळता तर नाही ना, आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या सुमारे २०,००० पासवर्डांच्या यादीतला तर नाही ना.

यानंतरची पायरी सर्वांत मोलाची आहे. पासवर्ड जसाच्या तसा कधीच साठवला जात नाही. त्यात प्रत्येक खात्यासाठी वेगळी यादृच्छिक अक्षरे मिसळून, ज्यावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही असा ‘हॅश’ तयार केला जातो. जँगोच्या ५.२ या आवृत्तीत ही प्रक्रिया मुळात १०,००,००० वेळा फिरवली जाते, कारण एका प्रवेशाला त्यामुळे जेमतेम जाणवणारा उशीर होतो, पण चोरलेल्या माहितीवर कोट्यवधी अंदाज लावून पाहणाऱ्याची वाट मात्र फार लांबते. तयार अर्ज बाजूला ठेवून वापरकर्त्याच्या तक्त्यावरून साधा अर्ज बनवणारा नवशिका हेच विसरतो. मग पासवर्ड उघडा साठवला जातो आणि प्रवेशाच्या वेळी तो जुळतही नाही.

सुरक्षेची इतकी काळजी घेणारा हा अर्ज मराठी नावापाशी मात्र अडखळतो. वापरकर्तानामात कोणत्याही लिपीतली अक्षरे चालतात असे वरकरणी दिसते, आणि ‘कमल’ किंवा ‘शरद’ हे नाव स्वीकारलेही जाते. परंतु ‘सीता’, ‘गंगा’ आणि ‘विठ्ठल’ नाकारले जातात. पायथनची अक्षर ओळखण्याची पद्धत व्यंजने व स्वर यांना अक्षर मानते, पण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना युनिकोडने ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात ठेवले असल्यामुळे ती त्यांना अक्षरांत धरत नाही. मात्रेवाचून लिहिता येणारी मराठी नावे थोडीच असल्याने ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. स्वतःचा नियम लिहून ती दूर करता येते. पण केवळ देवनागरीच्या संकेतांना परवानगी देणेही पुरेसे नाही. ‘गोऱ्हे’ या आडनावातला अर्धा र काही कळफलक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. हे जोडचिन्ह देवनागरीच्या संकेतांबाहेरचे आहे. जँगो नाव साठवण्यापूर्वी त्याचे रूप प्रमाणित करतो, तरीही ही दोन लेखने एक होत नाहीत. पडद्यावर सारखी दिसणारी दोन आडनावे संगणकाच्या लेखी वेगळीच राहतात.

म्हणून प्रवेशासाठी ईमेल वापरावा आणि नाव स्वतंत्र ठेवावे, हे अधिक योग्य. जँगोत पहिले नाव व आडनाव अशा दोन चौकटी आहेत; वडिलांचे, पतीचे किंवा आईचे नाव मधे लिहिणाऱ्यांची, तसेच आडनाव मुद्दाम न लावणाऱ्यांची त्यात नीट सोय होत नाही. ‘पूर्ण नाव’ ही एकच चौकट या सर्वांना पुरते. असा बदल करण्यासाठी वापरकर्त्याचा स्वतःचा तक्ता प्रकल्पाच्या आरंभीच ठरवावा लागतो, कारण खाती साठल्यावर तो बदलणे अतिशय कष्टाचे होते.