घसा धरला म्हणून सोडून देऊ नये

गव्हाणीत मोळी पडली आणि पहाटेची थंडी अंगाला झोंबू लागली, की आपल्या कार्यक्षेत्रात घसा धरण्याच्या तक्रारी सुरू होतात. रात्रपाळीचा कामगार, उघड्या ट्रॅक्टरवर उसाची खेप घेऊन येणारा ड्रायव्हर, फडात पाचटाच्या धुरळ्यात राबणारी टोळी, शाळेत जाणारी पोरे, यातून कोणीच सुटत नाही. "घसा धरलाय, होईल बरा," असे म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो, आणि बहुतेक वेळा तो बराही होतो. उरलेल्या थोड्या वेळांचे काय, हे सभासदांपुढे नीट मांडावे म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

आधी ज्याची लोकांना उगाच धास्ती वाटते ते सांगतो. मध्यंतरी एक सभासद कागदाच्या पुडीत ज्वारीच्या कणीएवढा पिवळसर खडा बांधून आम्हांस दाखवायला घेऊन आले. खोकताना तो घशातून पडला होता. चिमटीत चिरडला तर असा घाण वास सुटला की जवळ बसवेना. त्यांना वाटले, मूतखडा होतो तसा आता घशात खडा झाला, म्हणजे ऑपरेशन आलेच. घरच्यांचे निदान निराळे होते. पानातला चुना वर्षानुवर्षे साठला, असे त्यांचे म्हणणे!

दोन्ही खरे नव्हे. आरशासमोर आ करून बॅटरीच्या उजेडात पाहिले तर पडजिभेच्या दोन्ही अंगांस दोन गोळे दिसतात. तेच टॉन्सिल. ते गुळगुळीत नसतात. नुकती टाकी लावलेल्या पाट्यासारखे त्यांना खळगे असतात. त्या खळग्यांत अन्नाचे बारीक कण, गळून पडलेल्या पेशी आणि तोंडातले जंतू अडकून बसतात. त्यावर थुंकीतले क्षार, विशेषतः कॅल्शियमचे, हळूहळू चढतात. कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून स्केल धरते, ते ज्यांनी खरवडले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वास येतो तो जंतूंनी तयार केलेल्या गंधकयुक्त वायूंचा.

असा खडा बहुधा निरुपद्रवी असतो. पुष्कळांना तो असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. काहींना घशात कुसळ अडकल्यासारखे वाटते, तोंडाला वास येतो, क्वचित कानात ठणका लागतो, कारण टॉन्सिलकडे जाणाऱ्या मज्जातंतूची एक शाखा कानाकडेही जाते. उपाय साधा आहे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर जोरात गुळण्या कराव्यात, दात आणि जीभ दोन्ही घासावीत, पाणी भरपूर प्यावे. खडा आपोआप सुटतो. काडी, सेफ्टी पिन, केसांचा आकडा घालून तो उकरू नये. टॉन्सिल रक्ताने भरलेला अवयव आहे, टोचले तर रक्त थांबता थांबत नाही. बोटाला मीठ-हळद लावून पडजीभ वर दाबणाऱ्या जाणत्या आजीबाई अजून गावोगाव आहेत. त्यांच्या मायेबद्दल आम्हांस आदर आहे, पण सुजलेल्या घशात बोट घालणे काही बरे नाही.

खड्याचे इतकेच. आता मूळ मुद्दा.

घसा दुखण्याची बहुतेक दुखणी विषाणूंची असतात. त्यांत नाक गळते, शिंका येतात, खोकला होतो, आवाज बसतो. पाच-सात दिवसांत ती आपली आपण जातात. त्यांवर अँटिबायोटिक गोळ्यांचा काडीचाही उपयोग नाही, मग मेडिकलवाल्याकडून कितीही आणा. गुळण्या, आराम, ताप असेल तर पॅरासिटेमॉल, एवढे पुरते.

परंतु साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांत घशाची दुखणी येतात, त्यांतली दर चार-पाचांतले एक स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचे असते. त्याची चाल वेगळी. एकाएकी ताप चढतो, गिळताना पोर रडते, टॉन्सिल लालभडक होऊन त्यावर पांढरे ठिपके दिसतात, जबड्याखाली दुखऱ्या गाठी येतात. आणि खोकला-सर्दी मात्र नसते. ही खूण आयाबायांनी लक्षात ठेवावी: घसा फार दुखतो, ताप आहे, पण नाक कोरडे आहे, तर त्या पोराला डॉक्टरांना दाखवायचेच.

का? हाही घसा आठवड्याभरात औषधाविना बरा होतो, आणि फसगत होते ती इथेच. दोन-तीन आठवडे मध्ये जातात. घसा दुखला होता हे घरात सगळे विसरतात. मग एके दिवशी मुलाचा गुडघा सुजतो. तो उतरतो तोच घोटा, मग मनगट. दुखणे सांध्यांतून फिरत राहते. "वाढीच्या वयात हाडं दुखतातच," असे कोणीतरी म्हणते. याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. घडते असे, की जंतूशी लढायला शरीराने जी फौज उभी केली, तिला जंतूच्या अंगातले काही घटक आणि आपल्याच हृदयातले, सांध्यांतले घटक सारखेच भासतात. राखणदाराने अंधारात चोर समजून घरच्याच माणसावर काठी चालवावी, तसे होते. सांधे काही दिवसांत पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपा मात्र पुष्कळदा होत नाहीत. दर नव्या झटक्याला झडप अधिक जाड होते, आक्रसते किंवा गळकी होते.

हे सारे पुष्कळदा कित्येक वर्षे मुके राहते. मुलगी शाळा शिकते, लग्न होते, आणि पहिल्या बाळंतपणात सहाव्या-सातव्या महिन्यात तिला जिना चढवेना, उताणे झोपवेना असे होते. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते. आक्रसलेल्या झडपेला तो भार पेलत नाही. सुनेला "नाजूक" म्हणून नावे ठेवणाऱ्या सासूबाईंनी हे जरा वाचावे. तिच्या हृदयातले दुखणे कदाचित माहेरच्या शाळेतल्या एका दुखऱ्या घशापासून सुरू झालेले असते.

आणि एवढे थोपवणारे औषध जुने आहे, साधे आहे. पेनिसिलीन. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते बुरशीत सापडले. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो हेच औषध देशात तयार करण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. इतकी वर्षे लोटली, अनेक जंतू अनेक औषधांना पुरून उरले, पण घशातला हा स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलीनपुढे टिकत नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी सांध्यांचा आणि हृदयाचा पुढचा प्रकार टळतो.

मात्र गोळ्या असतील तर त्या दहा दिवस पुऱ्या घ्याव्या लागतात. आपण काय करतो? तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पोर खेळायला पळते, उरलेल्या गोळ्या कोनाड्यात जातात. दोन महिन्यांनी धाकट्याचा घसा धरला की त्याच काढून त्याला देतात. म्हणजे दोघांनाही अर्धवट! ज्यांच्याकडून दहा दिवस निभणार नाहीत त्यांच्यासाठी एकच इंजेक्शन असते. त्याची काहींना रिअॅक्शन येते, ही भीती खोटी नाही. पण गंभीर रिअॅक्शन फार थोड्यांना येते. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, दम लागला, हे डॉक्टरांना आधी सांगावे आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावे.

टॉन्सिल काढून टाकावेत का, हा प्रश्न हमखास येतो. एके काळी ते सर्रास काढीत. आता हिशेब असा धरतात: वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरसाल पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरसाल तीन वेळा घसा नीट आजारी पडला असेल, तर ऑपरेशनचा विचार. तेव्हा मुलाचा घसा कोणत्या तारखेला धरला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले तर डॉक्टरांचे काम सोपे होते. नुसत्या खड्यापायी सहसा कोणी टॉन्सिल काढत नाही.

काही बाबतींत मात्र दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये. तोंड उघडेनासे झाले, लाळ गिळता येईना, एका बाजूने गळा सुजला, तर आत पू झालेला असतो. घशात करडा पापुद्रा धरला आणि श्वास घरघरू लागला तर घटसर्पाची शंका घ्यावी. ज्या मुलांचे लसीकरण अर्धवट राहिले त्यांना हा धोका आजही आहे. आणि तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय असलेल्या मोठ्या माणसाचा एकाच बाजूचा टॉन्सिल वाढला आणि तीन आठवड्यांत उतरला नाही, तर गुळण्या करीत घरी बसू नये, तपासून घ्यावे. तिथे गाठ कसली आहे हे पाहावेच लागते.

शेवटी टोळ्यांविषयी. एकदा ऱ्हुमॅटिक फीव्हर येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा झटका येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन द्यावे लागते, तेही निदान पाच वर्षे आणि वयाची अठरा-एकवीस पुरी होईपर्यंत. झडप खराब असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. बीड, अहिल्यानगरकडून तोडीला येणारे बिऱ्हाड दसरा-दिवाळीला गाव सोडते, ते उन्हाळा लागल्यावर परत जाते. हंगाम १२० दिवसांचा धरला तरी त्यात पाच इंजेक्शने येतात. गावाकडच्या दवाखान्यात कार्ड आहे, पोर मात्र इथे खोपीत आहे, आणि एका खोपीत पाच-सहा माणसे एकमेकांना लागून झोपतात, तिथे हा जंतू एका घशातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही. पाचही इंजेक्शने बुडतात.

म्हणून आमची सूचना आहे. टोळीची नोंद करतानाच शेती खात्याच्या माणसाने मुकादमाला एक प्रश्न अधिक विचारावा, की तुमच्यात कोणा पोराचे एकवीस दिवसांचे इंजेक्शन चालू आहे काय. असल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे नाव घालून द्यावे. ज्या सभासदाच्या फडात टोळी उतरली असेल त्यानेही विचारायला हरकत नाही. कार्ड गावी राहिले असेल तर घरी फोन लावून त्यावरचे दवाखान्याचे नाव आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख तेवढी कागदावर उतरवून घ्यावी.