होळी सजेपर्यंत

गॅदरिंगच्या निवेदनाची वही चाळून पालक म्हणतात, “सर, छान लिहिता!” त्यातलं निम्मं पडद्यामागच्या सेफ्टी पिनांनी ठरवलेलं असतं, हे त्यांना कुठून कळणार?

प्रकाशा-शहादा पट्ट्यातल्या शाळांत कार्यक्रमांची यादी साधारण ठरलेली. ईशस्तवन, स्वागतगीत, कोळीगीत, शेतकरी नृत्य, नाटिका आणि शेवटाकडे सातपुड्याची होळी. घोटाळा असा, की कोळीगीतातल्याच चार मुली शेतकरी नृत्यातही असतात. म्हणून मी आधी सुविचार शोधत नाही, शिक्षिकांना विचारतो : लुगडं बदलायला किती वेळ? तीन मिनिटं म्हणाल्या, की तीनशे शब्द. मुलं मिनिटाला साधारण शंभरच शब्द नीट बोलतात.

पण तीन मिनिटांची कधी दोन होतात, कधी पाच. म्हणून वाक्यं सुटी लिहायची. ‘कारण’, ‘म्हणून’ आलं, की वाक्य अर्ध्यावर सोडता येत नाही. आमचं प्रकाशा गाव अशा वेळी धावून येतं. तापी-गोमाईचा संगम. केदारेश्वराचं देऊळ. ‘दक्षिण काशी’ म्हणून असलेली ओळख. 1954-55मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथं केलेलं उत्खनन आणि सापडलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती. यातल्या कुठल्याही वाक्यावर थांबा, पुढचं गाणं सुरू करा.

खरी कसोटी होळीची. होळीत सोंग घेऊन नाचणाऱ्या बावा-बुध्यांच्या अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे नि घुंगरं. ठिपके वाळायच्या आत दोरी आवळली, की सगळं फिसकटतं. निवेदन करणाऱ्या मुलीला मी सांगून ठेवलं होतं, “घड्याळाकडे बघू नकोस, भोपळ्यांकडे कान ठेव. खडखड ऐकू आली, की वाक्य संपव.”

एका वर्षी एका बुध्याला दम निघेना. सगळ्यांच्या आधी बांधून झालं, म्हणून गडी विंगेतच उड्या मारायला लागला. मुलीनं बरोबर वाक्य संपवलं आणि होळीचं नाव घेतलं. पडदा उघडला. स्टेजवर एकटा बुध्या, आणि मागे प्रेक्षकांकडे पाठ करून दुसऱ्याची दोरी आवळणाऱ्या बाई! टाळ्या मात्र दणकून पडल्या. तेव्हापासून विंगेतून बाईंची मान हलल्याशिवाय नाव पुकारायचं नाही, असा नियम आहे.

पुढच्या खेपेला त्याच जागी सगळी सुटी वाक्यं संपली. उत्खननही झालं, संगमही झाला. मान काही हलेना. मागच्या सतरंजीवरून एक आजोबा ओरडले, “पडदाना मांगे काय करी ऱ्हायनात भो?”

मुलगी वहीबाहेर गेली. “होळी सजी ऱ्हायनी, बाबा!”

मांडव हसला. आजोबांनी आणखी काही विचारलं, तिनं आणखी काही उत्तर दिलं, आणि तेवढ्यात दोऱ्या बांधून झाल्या. आमच्या भागातल्या सोंगाड्या पार्टी या लोकनाट्यातला सोंगाड्या हेच तर करतो. समोरच्याला बोलतं करतो आणि मागच्यांना वेळ काढून देतो.

आता होळीच्या आधीच्या पानावर मी सुविचार लिहीत नाही, उत्खननही नाही. एवढंच लिहितो : “इथे तीन मिनिटं. अहिराणीत बोल.”