फर्निचरचं दुकान चालवताय? मग हे करून पाहा

2018 मध्ये हैदराबादला आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान सुरू झालं, 2020 मध्ये नवी मुंबईतही. शिवाय ऑनलाइन सवलतींचा मारा आहेच. मग गिऱ्हाईक तुमच्या छोट्या दुकानात का येईल? किमतीच्या शर्यतीत पडू नका. मोठ्यांना जमत नाही, ते द्या.

• गुगल मॅप्सवर दुकानाची नोंद मोफत होते. वेळ, फोन नंबर आणि दुकानातले खरे फोटो टाका.

• व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूची किंमत आणि लांबी-रुंदी लिहा.

• लाकूड सागवान आहे, प्लायवूड की एमडीएफ, हे बिलावर नमूद करा. विश्वास इथेच बसतो.

• घरी जाऊन माप घ्या. सोफा लिफ्टमध्ये मावला नाही, तर नफा टेम्पोच्या भाड्यात जातो.

• दसरा-दिवाळी आणि लग्नसराईच्या महिनाभर आधी जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज करा.

• सहा महिन्यांनी फोन करून विचारा, ‘‘कपाटाचं दार नीट लागतंय ना?’’

सैल बिजागरी घट्ट करायला दहा मिनिटं लागतात. पण मुलीच्या लग्नात पलंग घेताना त्या घराला आधी तुमचंच दुकान आठवेल.